ज्याचे चित्र त्याच्या हाती

श्रोतेहो, बोलण्याला सुरुवात करण्यापूर्वी आपणांस एक साधा प्रश्न विचारतो. आपण पाच वर्षांचे होतो तेव्हा कसे दिसत होतो, हे आज आपल्याला कुणी दाखवू शकेल काय? घरातल्या ट्रंकेत तळाशी, लग्नपत्रिकांच्या आणि सातबाराच्या उताऱ्यांच्या खाली, एखादा पिवळा पडलेला फोटो सापडेलही. जत्रेत काढलेला, मागे रंगवलेला ताजमहाल, पुढे टोपी घालून ताठ उभे राहिलेले आपण. फोटो नसला तरी आई असेल, आत्या असेल, शेजारची म्हातारी असेल. ती सांगते, "तू लहानपणी असा गुबगुबीत होतास, कपाळावर ही खोक पडली ती अमक्या दिवशी पडली." म्हणजे आपले बालपण कुणाच्या तरी आठवणीत जपून ठेवलेले असते. आपण ते हवे तेव्हा मागून घेतो.

आता अशा मुलाचा विचार करा, की ज्याच्यापाशी ट्रंक नाही, फोटो नाही आणि सांगणारी आत्याही नाही. ते मूल मोठे होते. त्याला नाव असते, हजेरीपटात क्रमांक असतो. पण आपण लहान होतो याचा पुरावा मात्र त्याच्याजवळ नसतो. अशा मुलांसाठी कुणी चित्रे काढली, का काढली, आणि त्यातून आपल्या शाळामास्तरांनी काय घ्यावे, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

गोष्ट ग्वाटेमाला देशातली आहे. अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, मेक्सिकोच्या दक्षिणेला हा डोंगराळ देश आहे. तिथे ज्वालामुखी आहेत, कॉफीचे मळे आहेत, आणि मका हे तिथले मुख्य अन्न. आपली ज्वारीची भाकरी तशी त्यांची मक्याची तोर्तिया. तिथले मूळचे रहिवासी माया वंशाचे. त्यांच्या बायका मागावर विणलेली इतकी रंगीत पोलकी घालतात, की आपल्या इरकलीनेही कौतुकाने पाहावे. पण या रंगीत देशाने फार सोसले. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे तिथे यादवी चालली होती. दोन लाखांच्या आसपास माणसे मारली गेली किंवा कायमची नाहीशी झाली, आणि त्यांत बहुसंख्य माया होते. युद्ध कागदावर संपते, पण गरिबी काही लगेच संपत नाही. अशा देशात मुलांना सांभाळणाऱ्या संस्था पुष्कळ असतात, आणि परदेशांतून तरुण मुलेमुली तिथे स्वयंसेवक म्हणून येतात.

परक्या देशात सेवेला जाणे ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. पण सगळेच काही कोटणीस नसतात. बहुतेक स्वयंसेवक महिना-दोन महिने राहतात, मुलांशी खेळतात, भिंतींना रंग देतात आणि परत जातात.

२००३ साली असाच एक तरुण ग्वाटेमालातल्या एका अनाथालयात महिनाभर राहिला. त्याचे नाव बेन शूमाकर. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला हा विद्यार्थी. तिथे त्याला एक माणूस भेटला. तोही लहानपणी अशाच संस्थेत वाढलेला होता. बोलता बोलता तो म्हणाला, की माझ्यापाशी माझ्या लहानपणाची एकही वस्तू नाही.

शूमाकरच्या मनात हे रुतले. बूट, वह्या, औषधे देणारे पुष्कळ असतात. ती द्यायलाच हवीत. पण बूट वर्षात झिजतो, वही भरते, औषध संपते. मुलापाशी राहील असे काय द्यावे? त्याला चित्रकलेची आवड होती. त्याने ठरवले, या मुलांना त्यांची स्वतःची चित्रे काढून द्यायची. पण एकटा माणूस किती चित्रे काढणार? तेव्हा २००४ साली त्याने अमेरिकेतल्या शाळांच्या चित्रकलेच्या वर्गांना हाक घातली. त्याने या कामाला नाव दिले 'मेमरी प्रोजेक्ट', म्हणजे आठवणीचा उपक्रम.

हे काम चालते कसे, ते सांगतो. एखाद्या देशातल्या संस्थेतून किंवा निर्वासितांच्या छावणीतून मुलांचे फोटो येतात. सोबत मुलाचे नाव, वय आणि आवडता रंग. हा आवडता रंग मला मोठा महत्त्वाचा वाटतो, बरं का. अर्जात आपण जात विचारतो, उत्पन्न विचारतो, पण तुला कोणता रंग आवडतो हे कुणी विचारत नाही. चित्र काढणारी मुले पंधरा-सोळा वर्षांची. एकेकाच्या वाट्याला एकेक चेहरा येतो. कुणी शिसपेन्सिलीने काढतो, कुणी कोळशाने, कुणी रंगांनी, आणि पुष्कळ जण पार्श्वभूमीला त्या मुलाचा आवडता रंग देतात. चित्रे पुरी झाली, की ती गोळा करून त्या देशात नेली जातात आणि ज्याचे चित्र त्याच्या हातात दिली जातात. आजवर चाळीसहून अधिक देशांतल्या लाखाहून अधिक मुलांना अशी चित्रे मिळाली आहेत. त्यांत युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या सीरियाच्या मुलांचाही समावेश आहे.

आता ऐकणाऱ्यांपैकी एखादा शेतकरी बांधव मनात म्हणेल, "मास्तर, पोटाला भाकर नाही तिथे चित्र कसले घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी एका जुन्या हकिगतीने देतो.

लंडन शहरात १७३९ साली थॉमस कोरम नावाच्या एका माजी जहाजकप्तानाच्या खटपटीने टाकलेल्या मुलांसाठी एका संस्थेला राजाची सनद मिळाली, आणि १७४१ साली तिचे दार उघडले. तिचे नाव फाउंडलिंग हॉस्पिटल. गरिबीने किंवा लोकलज्जेने गांजलेल्या बाया आपली तान्ही मुले तिथे आणून देत. मूल आत गेले की त्याला नवे नाव मिळे. मग पुढे कधी दिवस पालटले आणि आई परत आली, तर तिने आपले मूल ओळखावे कसे? म्हणून मुलाबरोबर एक खूण ठेवली जाई. कुणी अर्धे नाणे ठेवी, कुणी फीत, आणि हजारो मुलांच्या कागदांना त्यांच्या अंगावरच्या कपड्याचा लहानसा तुकडा टाचलेला असे. ते तुकडे आजही लंडनमध्ये जपलेले आहेत. पहिल्या वीस वर्षांत १६,०००हून अधिक मुले तिथे आली. त्यांतली परत नेली गेली ती १५०च्या आसपास. म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. तरी त्या बायांनी खूण ठेवायचे सोडले नाही. त्यांच्याही पोटाला भाकर नव्हती. पण भाकरीइतकीच खुणेची गरज आहे, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

त्या खुणांची एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्या कागदांच्या घडीत बंद राहिल्या. ज्या मुलासाठी त्या ठेवल्या, त्या मुलाला त्या कधी दाखवल्या गेल्या नाहीत. खूण होती, पण ती कचेरीच्या दप्तरात.

श्रोतेहो, इथेच आजच्या विषयाचे मर्म आहे. मुलाचे चित्र काढणारे जगात पुष्कळ. पण ते चित्र राहते कुणापाशी? एक अगदी प्रसिद्ध उदाहरण घ्या. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरी या अमेरिकी छायाचित्रकाराने तंबूतल्या शाळेत एका अफगाण मुलीचा फोटो घेतला. हिरवट डोळ्यांची, डोक्यावर तांबूस ओढणी घेतलेली ती मुलगी. जून १९८५मध्ये तो फोटो 'नॅशनल जिओग्राफिक' या मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. भिंतींवर लागला, पुस्तकांत छापला गेला. पण मुलीचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. ते सापडले २००२ साली. तिचे नाव शरबत गुला. तोवर ती तिशीच्या घरात पोचली होती, मुलाबाळांची आई झाली होती. आणि ज्या फोटोने सारे जग तिला ओळखत होते, तो फोटो तिने स्वतः तोवर पाहिलेलाच नव्हता. सतरा वर्षे जगाने तिच्या डोळ्यांत पाहिले, पण तिच्यापाशी मात्र तिचे बालपण पोचले नाही.

मी त्या छायाचित्रकाराला दोष देत नाही. त्या फोटोमुळे अफगाण निर्वासितांचे दुःख लोकांपर्यंत पोचले, हे खरे आहे. पण मुलाचे चित्र काढून ते मुलाकडून घेऊन जाणे ही एक गोष्ट, आणि मुलाचे चित्र काढून ते मुलाला देणे ही दुसरी गोष्ट. पहिल्यात मूल विषय असते. दुसऱ्यात मूल मालक असते. एवढा एकच फरक, पण त्याने सगळे पालटते.

तो फरक चित्रातही उतरतो. लोकांना दाखवायचे चित्र असेल, तर काढणाऱ्याचा हात नकळत दुःखाकडे झुकतो. फाटका सदरा, गालावरचा अश्रू, भांडे घेतलेले हात. पाहणाऱ्याला कळवळा यावा म्हणून हे सारे येते. पण तेच चित्र त्या मुलाला द्यायचे असेल तर? आपल्या उशाशी आपण आपला रडका चेहरा लावून ठेवू काय? लग्नाचा फोटो काढताना आपण केस विंचरतो, धुवट सदरा घालतो. मुलालाही तसेच वाटते. म्हणून ज्याला चित्र द्यायचे त्याच्या नजरेने ते काढावे लागते. कीव गळून पडते आणि उरतो तो आदर.

आजकाल मोबाइलने घरोघर फोटोंचा पूर आला आहे, मग हाताने काढलेल्या चित्राचे काय एवढे, असेही कुणी विचारील. फोटोला मी नावे ठेवत नाही. या उपक्रमाची सुरुवातच फोटोपासून होते. पण फोटोचा चाप एका क्षणात दाबला जातो. चित्र काढायला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ कुणीतरी परक्या देशात बसून आपल्या भुवया, आपले कान, आपल्या ओठांची ठेवण न्याहाळत होते, ही गोष्ट मुलाला कळते. ज्याच्याकडे कुणी नीट पाहिलेले नाही, त्याला ती फार मोठी वाटते. आणि काढणाऱ्यालाही काही मिळते. नकाशावरचे एक नाव त्याच्यापुढे चेहरा होऊन येते. भूगोलाच्या पुस्तकात 'सीरिया' हा शब्द चार वेळा वाचून जे होत नाही, ते एका सीरियन मुलीच्या पापण्या काढताना होते.

पण या कामाला मर्यादा आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अनाथालयात महिनाभर जाऊन मुलांना लळा लावायचा आणि मग निघून यायचे, या प्रकाराविषयी मुलांसाठी काम करणाऱ्या जाणत्या लोकांनी गेली काही वर्षे कडक इशारे दिले आहेत. एकामागून एक परकी माणसे येतात, कुशीत घेतात आणि नाहीशी होतात. मुलाला दर महिन्याला नवा विरह सोसावा लागतो. शिवाय जगातल्या अनाथालयांतली बहुसंख्य मुले खरोखर अनाथ नसतात. त्यांचे आई किंवा वडील हयात असतात, पण गरिबीने त्यांना दूर केलेले असते. काही देशांत तर पाहुण्यांची देणगी मिळावी म्हणून मुले गोळा केली जातात, असेही उघडकीला आले आहे. अशा ठिकाणी खरी मदत म्हणजे मूल आपल्या घरी राहील अशी सोय करणे. चित्र हे काही घराची जागा घेऊ शकत नाही, आणि तसा आव त्याने आणूही नये. त्याचे काम लहान आहे. "तू होतास, असा होतास, आणि कुणीतरी तुझ्याकडे नीट पाहिले होते," एवढेच त्याने सांगायचे. पण लहान काम प्रामाणिक असले म्हणजे ते खोट्या मोठ्या कामापेक्षा बरे.

मुलाच्या ओळखीचा हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, हक्काचाही आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार मान्य केला आणि १९९२ साली भारताने तो स्वीकारला. त्यातले सातवे कलम मुलाच्या नावाविषयी आहे. आठवे कलम सांगते, की आपली ओळख जपण्याचा मुलाला हक्क आहे. त्याचे नाव, त्याचे राष्ट्रीयत्व, त्याचे नातेसंबंध.

नावाचे मोल किती, याची एक आठवण सांगतो. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तेरेझिन या गावी ज्यू लोकांना कोंडून ठेवले होते. तिथे १९४२च्या डिसेंबरात फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची चित्रकार बाई कैदी म्हणून आली. तिने कोंडलेल्या मुलांना चित्रे काढायला शिकवले. कागद मिळत नसे, तेव्हा रद्दी कागदाच्या पाठीवर मुले काढीत. बाईचा आग्रह असा, की प्रत्येकाने आपल्या चित्रावर आपले नाव घालायचे. जिथे माणसाचा नुसता क्रमांक करून टाकला होता, तिथे ती नाव लिहायला लावी. १९४४च्या ऑक्टोबरात तिला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी तिने दोन पेट्यांत सुमारे ४,५०० चित्रे भरून लपवून ठेवली. ती चित्रे काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. पण प्रागच्या संग्रहालयातल्या त्या कागदांवर त्यांची नावे आहेत.

आणि त्याच युद्धाने देशोधडीला लावलेली काही मुले आपल्याकडेही आली होती. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सायबेरियाच्या थंडीतून, इराणच्या वाटेने, बायका, म्हातारी माणसे आणि मुले पंचगंगेच्या परिसरात येऊन राहिली. तिथे त्यांच्या शाळा भरल्या, खेळ झाले. त्यांतली काही मुले वृद्ध होऊन २०१९ साली पुन्हा कोल्हापूर पाहायला आली. सत्तर वर्षांनंतरसुद्धा माणूस आपले बालपण शोधत येतो. त्याला वाटते, इथे कुणी तरी आपल्याला पाहिले होते.

आता, शिक्षक बंधुभगिनींनो, थोडे आपल्या कामाचे बोलू. आपल्यापैकी पुष्कळ जण मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवतात. स्थिरचित्राला आपण बादली, तांब्या, कांदे ठेवतो. स्मरणचित्रात मुले जत्रा नि बसथांबा काढतात. पण वर्गातल्या शेजारच्या मुलाचा चेहरा काढायला आपण क्वचितच सांगतो. कारण चेहरा साधत नाही, ही भीती. त्या भीतीवर दोन-चार साधे तोडगे आहेत.

पहिला तोडगा प्रमाणाचा. मोठ्या माणसाच्या डोक्याची उंची मोजली, तर डोळे बरोबर मधोमध येतात. लहान मुलाचे तसे नसते. त्याचे कपाळ मोठे, हनुवटी लहान, नाक आखूड, आणि डोळे मध्यरेषेच्या खाली असतात. ही एक गोष्ट चुकली, की पाच वर्षांचे पोर पन्नाशीच्या सावकारासारखे दिसू लागते. फोटोवरून काढायचे असेल, तर फोटोवर आणि कागदावर सारख्या चौकटी आखून घ्याव्यात आणि एकेक चौकट उतरवावी. गावातले रंगारी जुन्या काळापासून असेच मोठे फलक रंगवीत आले आहेत.

दुसरा तोडगा रंगाचा. बाजारातल्या रंगखडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी कांडी असते, आणि आपली पोरे तिला सर्रास 'स्किन कलर' म्हणतात. ज्या वर्गात एकाही मुलाचे कातडे त्या रंगाचे नाही, त्या वर्गात सगळे चेहरे त्या रंगाने रंगतात. ही चित्रकलेतली चूक आहेच, पण त्याहून अधिक काही आहे. मुलाला आपण नकळत शिकवतो, की तुझा रंग हा चेहऱ्याचा रंग नव्हे. त्यापेक्षा पिवडी, गेरू आणि थोडासा निळा यांचे मिश्रण करून प्रत्येकाला आपापल्या मनगटाशी ताडून पाहायला सांगा. वर्गात चाळीस मुले असली, तर चाळीस रंग तयार होतील. सावलीला काळा रंग लावू नका. सावळ्या चेहऱ्याच्या सावलीत जांभळट, तांबूस छटा असतात. त्या पाहायला शिकवा.

तिसरा तोडगा बसण्याचा. मुलाचे चित्र खुर्चीवरून खाली पाहत काढू नका. जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. वरून पाहिले की डोके मोठे आणि मूल दीनवाणे दिसते. त्याला पुतळ्यासारखे बसवूही नका. त्याच्याशी बोला. म्हशीला रेडकू झाले का, आजोळी कधी जाणार, असे काहीबाही विचारा. बोलताना जो चेहरा उमलतो, तोच खरा.

चौथी गोष्ट तोडगा नव्हे, शिष्टाचार आहे. काढण्यापूर्वी मुलाला विचारा. नको म्हणाले तर पेन्सिल खाली ठेवा. काढून झाल्यावर त्याला दाखवा आणि त्याचे ऐका. "सर, माझी वेणी उजव्या बाजूला असते," असे म्हणाली, तर वेणी उजवीकडे घ्या. मागे नाव, वय, गाव आणि तारीख लिहा. आणि मग ते चित्र मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगू नका, स्पर्धेला पाठवू नका. ज्याचे आहे त्याला द्या.

इथे कायद्याचाही एक इशारा लक्षात ठेवावा. बालगृहातल्या, निरीक्षणगृहातल्या किंवा कुठल्याही अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचे नाव, शाळा किंवा चित्र वर्तमानपत्रात वा अन्य कुठे प्रसिद्ध करायला आपल्याकडे मनाई आहे. बालन्याय अधिनियम, २०१५, याचे ७४वे कलम तसे सांगते. आपण बालगृहाला भेट द्यायला जातो, खाऊ वाटतो आणि मुलांना पुढे उभे करून फोटो काढून चारचौघांत फिरवतो. हेतू चांगला असला, तरी ते योग्य नव्हे. मुलाला स्वतःचे चित्र देणे वेगळे, आणि मुलाचे चित्र आपल्या कौतुकासाठी मिरवणे वेगळे.

आणि असे मूल शोधायला ग्वाटेमालापर्यंत जायची गरज आहे काय? दसरा-दिवाळी झाली, की बीड, अहिल्यानगर, जालना या बाजूंची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर संसार बांधला जातो. त्यात भांडी असतात, कोंबड्या असतात, आणि वर बसलेली पोरे असतात. पाच-सहा महिने ती फडावरच्या खोपीत राहतात. वीटभट्टीवरची मुले, धनगरांच्या मेंढरांमागची मुले, आश्रमशाळेत दूर डोंगरावरून आलेली मुले, यांची गोष्टही फार निराळी नाही. आईबाप आहेत, माया आहे, पण वस्तू टिकायला छप्पर नाही. आमच्या महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी अशा घरांतली मुले येतात. त्यांच्यापाशी स्वतःचा सर्वांत जुना फोटो कुठला असतो, म्हणाल? दहावीच्या परीक्षेच्या अर्जावरचा. त्याआधीची पंधरा वर्षे कोरी.

अशा शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना मी विनंती करतो. आपल्या वर्गातून ऊसतोडीला जाणारी मुले आपल्याला ठाऊक असतात. ती निघण्यापूर्वी वर्गातल्या इतर मुलांकडून त्यांची चित्रे काढून घ्या. हात बसलेला नसला तरी चालेल. पहिले चित्र सारखे येणार नाही, दुसरे थोडे येईल. चित्राच्या मागे वर्गातल्या सगळ्यांची नावे लिहा आणि खाली लिहा, "परत ये." पावसापाण्यात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. खर्च फार नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि एक तास. त्या मुलाला फडावर कळेल, की शाळेत आपली जागा अजून रिकामी ठेवलेली आहे. आणि राहिलेल्या मुलांनाही कळेल, की आपल्या शेजारी बसणारा तो फक्त गैरहजेरीचा शेरा नाही.

ज्यांना चित्र काढता येत नाही, त्यांनीही मागे राहू नये. घरात लहान मूल असेल, तर मोबाइलमधल्या शेकडो फोटोंपैकी एक तरी कागदावर छापून घ्या आणि मागे नाव, वय, साल लिहा. मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो, विकला जातो, आणि त्याच्याबरोबर मुलाची पाच-दहा वर्षेही जातात. कागदाचा तुकडा ट्रंकेत पन्नास वर्षे राहतो.

श्रोतेहो, परक्या देशात जाऊन सेवा करायला धैर्य लागते, पैसा लागतो, सवड लागते. ती सर्वांना साधेल असे नाही. पण समोरच्या मुलाकडे एक तास नीट पाहायला यांतले काही लागत नाही. विस्कॉन्सिनच्या त्या विद्यार्थ्याने जगाला काही नवे यंत्र दिले नाही. एका माणसाचे एक वाक्य त्याने मनावर घेतले, एवढेच. आपल्या आसपासही असे वाक्य कुणी ना कुणी बोलत असते. ते आपल्या कानांवर पडावे आणि हातांपर्यंत पोचावे, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो. नमस्कार.